गाडी उचलून मोठे टायर टाकायचेत? आधी हा हिशेब बघा

जुन्नर : 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. ट्रॅक्टरच्या टायरचा तर 5 टक्क्यांवर आला, पण त्याचं कौतुक कुणाला? पोरांच्या डोक्यात वेगळंच बसलंय. थार नाहीतर बोलेरो उचलायची आणि खाली मोठे टायर टाकायचे. बैलगाडा घाटावर अशी गाडी आली की बैलांपेक्षा तिचेच फोटो जास्त निघतात.

हौसेला आपली हरकत नाही. पण 'गाडी उचलली की कुठूनही निघते' हा समज खोटा आहे. लिफ्ट केल्यावर वर जाते ती बॉडी. मागचा एक्सल आणि त्यातला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, आणि पाणंदीत दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला आधी टेकतो तो हाच गोळा. त्याला वर नेतो फक्त टायर. तोही उंचीत जेवढा वाढेल त्याच्या निम्माच.

आकडे मांडून बघा. टायरवर 255/65 आर 18 लिहिलेलं असतं. 255 मिलिमीटर रुंदी, त्याच्या 65 टक्के बाजूची भिंत, 18 इंची रिम. एकूण उंची भरते साधारण 789 मिलिमीटर. त्याजागी 33 इंची टायर टाकला तर 838. फरक 49, म्हणजे गोळा वर गेला जेमतेम एक इंच. आणि मीटरवर 60 दिसताना गाडी खरी पळणार 64 च्या आसपास.

बोलेरोत 215/75 आर 15 काढून 235/75 टाकला तर मिळतात 15 मिलिमीटर. बोटाच्या जाडीएवढे! एवढ्यासाठी मी स्वतः क्लच घालवलाय. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर जड होतो, इंजिनाला जास्त ओढावं लागतं. आळेफाट्याहून पेंडीची पोती भरून आणे घाट चढत होतो, निम्म्यात जळका वास आला. टायर बसवणाऱ्याने पैसे मोजून घेतले, पण हे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक आत घासायचं, ते वेगळंच. जड चाक थांबवायला ब्रेकला जोर लागतो, बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर ताण येतो, डिझेलही जास्त जातं.

काळ्या रानाची गोष्ट निराळी आहे. तिथे रुंदीपेक्षा खाचा महत्त्वाच्या. बारीक नक्षीच्या रुंद टायरमध्ये चिखल भरला की तो गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. खोल, मोकळ्या खाचांचा टायर चिखल फेकून देतो. जुन्या बैलगाडीचं चाक उंच आणि अरुंद असायचं, चिखल कापून खालच्या मुरमाला टेकायचं. मात्र पूर्ण चिखलाचे टायर ओल्या डांबरी रस्त्यावर घसरतात आणि आवाजही फार करतात. आपली गाडी वर्षातले किती दिवस रानात जाते, ते ज्याचं त्याने मोजावं.

आता कायद्याचं. केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ प्रमाणे नियमाबाहेर बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड एकवेळ भरून होईल. पण न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनीने अपघाताचा क्लेम अडवला, तर समोरच्या जखमी माणसाचे पैसे कुठून आणणार? रान विकून?

पुतण्याला एवढंच म्हटलं, दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर बघ. त्यावर कंपनीने दिलेलं टायरचं माप आणि हवा लिहिलेली असते. त्याच मापात, तेवढाच भार पेलणारा ऑल-टेरेन टायर मिळतो. तोंड वाकडं केलं त्याने, पण घेतले तेच. पहिल्याच पावसात ओढ्याकडच्या वाटेला एकदा फसला. ट्रॅक्टर लावून ओढून काढला. त्याच वाटेला उचललेली थारही आमच्याच ट्रॅक्टरने काढली होती.