सांगड कोणाची, आणि तिच्यावर बसतो कोण?

व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके साहित्याच्या माणसाने वाचू नयेत, असा एक अलिखित संकेत आपल्या विद्यापीठांच्या भाषाविभागांत पाळला जातो. ती पुस्तके रुक्ष असतात, त्यांची भाषा साच्यातून काढलेली असते आणि त्यांत चौकोन व बाण फार असतात, ही तक्रार खरी आहे. पण गेल्या तीसेक वर्षांत ज्या थोड्या रूपकांनी माणसांच्या पोटापाण्यावर, आणि प्रसंगी त्यांच्या स्वातंत्र्यावरही, प्रत्यक्ष घाला घातला त्यांपैकी एक रूपक याच पुस्तकांत वाढले आहे. रूपकाची चिकित्सा हा ज्यांचा व्यवसाय, ते आपण त्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. आमचे भांडण आहे ते आधी या रूपकाशी आणि मग आपल्या या सोवळेपणाशी.

रूपक आहे 'अलाइनमेंट'चे. मोठ्या कंपनीत व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान यांचे 'अलाइनमेंट' असावे, हे आज इतके सर्वमान्य आहे की ते रूपक आहे हेच विसरले गेले आहे. हेंडरसन आणि वेंकटरामन यांनी १९९३ साली 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मधील निबंधात त्याला प्रतिष्ठित रूप दिले. चार चौकोन: व्यवसायाचे धोरण, तंत्रज्ञानाचे धोरण, संस्थेची अंतर्गत रचना आणि तंत्रज्ञानाची अंतर्गत रचना. चौकोनांना जोडणाऱ्या रेषा जुळल्या की कंपनी सुखी. पुढे २००० साली जेरी लुफ्टमन यांनी ही जुळणी मोजण्यासाठी सहा निकष आणि पाच पायऱ्या दिल्या, आणि मग सल्लागार कंपन्यांना काही कमी पडले नाही.

इंग्रजी शब्दाच्या पोटात 'लाइन' आहे, ओळ आहे. ओळ धरायची म्हणजे कोणीतरी आधी उभा असावा लागतो आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून सरकायचे असते. कवायतीच्या मैदानावर हे सर्वांना ठाऊक असते. सभागृहातील पडद्यावर मात्र दोन चौकोन समोरासमोर मांडले, मध्ये दुतोंडी बाण काढला, की कोणी कोणाकडे सरकायचे हा प्रश्न अदृश्य होतो. मराठीत पारिभाषिक शब्द करणाऱ्यांनी याला 'संरेखन' म्हटले. पाठ्यपुस्तकाबाहेर तो शब्द कोणी उच्चारत असेल तर आम्हांला आनंदच आहे. बोलताना आपण 'सांगड घालणे' म्हणतो, आणि हा शब्द, आमच्या मते, मूळ इंग्रजी शब्दापेक्षा शहाणा आहे. सांगड म्हणजे दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधून केलेले, पाण्यातून पार जाण्याचे साधन. त्यात दोन वस्तू दोनच राहतात. आणि मुख्य म्हणजे सांगड ही स्वतःसाठी नसते, तिच्या आधाराने कोणीतरी तिसरा नदी ओलांडत असतो. अलाइनमेंटच्या आकृतीत हा तिसरा कुठेच नाही.

हे आम्हीच प्रथम सांगत आहोत असा दावा नाही. क्लाउदिओ चिबोरा हे इटालियन अभ्यासक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये माहिती-प्रणाली शिकवीत. त्यांनी १९९७ सालीच या संकल्पनेची चिरफाड केली होती, आणि तीही हुसर्ल व हायडेगर यांच्या आधाराने. रेषा कागदावर सरळ असतात. प्रत्यक्षात तंत्रज्ञान भरकटते, आणि माणसे ठिगळे लावून, डागडुजी करून, सांभाळून घेऊन ते चालते ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. २००२ साली आलेल्या 'द लॅबिरिंथ्स ऑफ इन्फर्मेशन' या त्यांच्या पुस्तकाच्या प्रकरणांना 'क्रिसिस', 'ब्रिकोलाज', 'गेश्टेल', 'झेनिया' अशी नावे आहेत. झेनिया म्हणजे ग्रीकांचा अतिथिधर्म. तंत्रज्ञान हे घरी आलेल्या परक्यासारखे आहे, त्याचे आतिथ्य करायचे, पण तो उद्या वैरी होऊ शकतो हेही लक्षात ठेवायचे. चिबोरा २००५ साली वारले. साहित्याच्या माणसाला हे पुस्तक घरच्यासारखे वाटावे, पण आपल्या वाचनात ते अभावानेच येते. असो.

आता दोन उदाहरणे. लिडल ही जर्मनीची प्रचंड किराणा-साखळी. २०११च्या सुमारास तिने आपली जुनी संगणकव्यवस्था टाकून एसएपी या जर्मन कंपनीची नवी प्रणाली आणण्याचे ठरवले. २०१८ साली तो प्रकल्प सोडून दिला गेला, आणि तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडल्याचे जर्मन वृत्तपत्रांनी छापले. कारणे अनेक सांगितली गेली. त्यांतील एक फार बोलके आहे. लिडल आपल्या गोदामातील मालाचे मूल्य खरेदीच्या दराने धरीत असे, तर प्रणालीच्या ठरीव रचनेत ते विक्रीच्या दराने धरलेले होते. लिडलने आपली रीत सोडली नाही, म्हणून प्रणालीला मुरड घालणे सुरू झाले, आणि एका मुरडीतून दुसरी निघत गेली. व्यवस्थापनाच्या वर्गात या गोष्टीचे तात्पर्य बहुधा ठरलेले असते: कंपनीने प्रणालीप्रमाणे बदलायला हवे होते. म्हणजे दुतोंडी बाणाला एकच तोंड आहे, हे अपयशानंतर कळते. तरीही आम्ही लिडलसाठी अश्रू ढाळणार नाही. दोन बलाढ्य पक्ष भांडले, पैसा बुडाला, आणि जुन्या व्यवस्थेवर दुकाने चालू राहिली. येथे सांगड जमली नाही, एवढेच.

खरे भय जमलेल्या सांगडीचे आहे. ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसच्या शाखा प्रामुख्याने स्वतंत्र दुकानदार कराराने चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्तर म्हणतात. आपल्याकडील सब-पोस्टमास्तराप्रमाणे ते सरकारी नोकर नसतात, आणि गल्ल्यात तूट आली तर ती त्यांच्या अंगावर येते. या शाखांसाठी आयसीएल या कंपनीशी १९९६ साली करार झाला. सरकारी भत्ते कार्डावर देण्याची सोय आणि काउंटरचे संगणकीकरण असे दोन्ही हेतू त्यात होते. १९९९ साली भत्त्यांचे सरकारी खाते बाहेर पडले, आणि उरलेल्या व्यवस्थेतून 'होरायझन' ही शाखांचे हिशेब ठेवणारी प्रणाली उभी राहिली. आयसीएल तोवर जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली होती.

होरायझनच्या पडद्यावर तुटी दिसू लागल्या. पैसे गेलेले नसताना गेल्याचे आकडे. सब-पोस्टमास्तर मदतीच्या क्रमांकावर फोन करीत, आणि अशी अडचण तुमच्या एकट्याचीच आहे असे उत्तर मिळाल्याची साक्ष पुढे अनेकांनी दिली. मुदतीचा हिशेब मान्य केल्याशिवाय पुढचा व्यवहार नीट सुरू होत नसे, म्हणून कोणी घर गहाण टाकून तूट भरली, कोणी खोट्या आकड्यावर सही केली. या सहीवरच पुढे खटला उभा राहिला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या, आणि त्यांतील बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले. चोरीचा आरोप टळावा म्हणून अनेकांनी खोटे हिशेब केल्याची कबुली दिली. काही प्रकरणांत तर होरायझनला दोष द्यायचा नाही, अशी अटच होती. २०१० साली एक सब-पोस्टमास्तर स्त्री गरोदरपणी तुरुंगात गेली. तिची शिक्षा रद्द व्हायला २०२१ साल उजाडले.

या सगळ्या काळात व्यवसाय आणि तंत्रज्ञान यांच्यात बेबनाव होता का? मुळीच नाही. पोस्ट ऑफिसला आपले आकडे खरे ठरायला हवे होते आणि फुजित्सूला आपले कंत्राट टिकायला हवे होते. दोन्ही घरांतून एकच वाक्य बाहेर येत होते: प्रणाली भक्कम आहे. फुजित्सूच्या लोकांना शाखेच्या हिशेबात दुरून, सब-पोस्टमास्तराच्या नकळत, बदल करता येत असे. ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली. एका ओळीत उभे राहणे याहून निराळे काय असते?

व्यवस्थापनाचे प्राध्यापक यावर म्हणतील की हे खरे अलाइनमेंट नव्हेच. प्रणाली सदोष होती, कारभार वाईट होता, संकल्पनेचा काय दोष? युक्तिवाद ओळखीचा आहे. प्रत्येक रूपक आपल्या पापांच्या वेळी घरी नसते. पण लुफ्टमन यांचे सहा निकष पाहा. संवाद, मूल्यमापन, नियंत्रण, भागीदारी, व्याप्ती, कौशल्ये. काउंटरमागे उभ्या असलेल्या, करारातली हरेक चूक ज्याच्या खिशातून भरली जाते अशा माणसाचे म्हणणे यांतील कोणत्या रकान्यात मांडायचे? संवाद आहे, पण तो दोन चौकोनांतला. तिसऱ्याला जागा नसणे हा त्या आकृतीचा अपघात नसून तिची रचनाच आहे, असे आम्हांला म्हणायचे आहे.

आणि येथेच साहित्याच्या लोकांची जबाबदारी सुरू होते. २०१३ साली बाहेरच्या तपासनीसांचा अहवाल यायच्या सुमारास पोस्ट ऑफिसच्या तत्कालीन मुख्याधिकारी पॉला वेनेल्स यांनी आपल्या पतीला विचारले की संगणकातील दोषांसाठी भावना न चाळवणारा शब्द कोणता? उत्तर आले: अपवाद, किंवा विसंगती. ते त्यांनी सहकाऱ्यांना कळवले. हा पत्रव्यवहार २०२४ साली चौकशीसमोर उघड झाला. शब्दाची निवड ही शैलीची बाब आहे असे आपण एम. ए.च्या वर्गात शिकवतो. येथे 'दोष' म्हटले तर शिक्षा झालेल्यांचे खटले पुन्हा उघडावे लागले असते, 'विसंगती' म्हटले की नाही.

दुसरी गोष्ट निवेदकाची. कादंबरीतील अविश्वसनीय निवेदकावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. इंग्लंडमध्ये संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवण्याचे बंधन १९८४च्या कायद्यात होते. १९९९च्या कायद्याने ते काढले, आणि उलट सिद्ध होईपर्यंत संगणक नीट चालत होता असेच न्यायालयाने धरावे, हे जुने गृहीतक परत आले. म्हणजे कायद्याने एका निवेदकाला विश्वसनीयता बहाल केली आणि दुसऱ्याला, जो प्रत्यक्ष काउंटरवर हजर होता त्याला, ती नाकारली. आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते, आणि ते संगणक सांभाळणाऱ्याने व एका तज्ज्ञाने द्यायचे असते. सांभाळणारा बहुतेक वेळा कोण असतो, हे सांगायला नको.

५५५ सब-पोस्टमास्तरांच्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये होरायझनचा निकाल दिला. आरंभीची प्रणाली भक्कम नव्हती, तीत दोष होते, आणि पोस्ट ऑफिसचा हेका पृथ्वी सपाट आहे असे म्हणण्याच्या जातीचा आहे, असे त्यांनी नोंदवले. २०२४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून शिक्षा सरसकट रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये आलेल्या चौकशीच्या पहिल्या खंडानुसार किमान १३ जणांनी या प्रकरणापायी आत्महत्या केली असावी.

पुण्या-मुंबईतील हजारो मराठी माणसे आज परदेशी कंपन्यांच्या व्यवसायाची तंत्रज्ञानाशी सांगड घालून देण्याच्या कामावर पोट भरतात. 'काय हवे आहे' याचे दस्तऐवज ती लिहितात, आणि कोणाच्या कामाचे वर्णन त्यात कोणत्या शब्दांत येईल हे तेथेच ठरते. या लेखनप्रकाराला आपल्या अभ्यासक्रमात जागा नाही. 'व्यावहारिक मराठी'त आपण अजून अर्ज आणि इतिवृत्त शिकवतो. फ्रेझर यांचे निकालपत्र महाजालावर विनामूल्य वाचायला मिळते. ते लांब आहे, इंग्रजीत आहे आणि कंटाळवाणेही आहे. पुढच्या सत्रात शैलीविज्ञानाच्या तासाला त्यातली पन्नास पाने लावावीत, आणि त्याआधी हेंडरसन-वेंकटरामन यांची ती चार चौकोनांची आकृती फळ्यावर काढावी.