जुन्या मालाचा खरा नफा

वापरलेली वस्तू स्वस्तात घ्यायची, तिची डागडुजी करायची आणि मोबाइलवर छायाचित्रे टाकून ती चढ्या भावाने विकायची, हा जोडधंदा आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस यांसारख्या बाजारपेठा हातातल्या फोनवर आल्यापासून दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावातील विक्रेताही अकोला, अमरावती किंवा मूर्तिजापूर येथील गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू शकतो, आणि त्यासाठी त्याला दुकानाचा गाळा किंवा मोठे भांडवल लागत नाही. मात्र ज्या धंद्यात शिरणे सोपे असते, त्यात हिशेब ठेवण्याचा कंटाळाही लवकर येतो, आणि मग हाती आलेली रक्कम म्हणजेच कमाई असा समज पक्का होतो. जुन्या मालाचा व्यापार हा समज मोडून काढण्याची उत्तम शाळा ठरू शकतो, कारण त्यातील व्यवहार लहान असतात आणि चूक झाली तरी तिचा तोटा परवडण्याजोगा असतो.

वऱ्हाडात या व्यापाराचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्या कूलरचे आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ज्याच्यासाठी गिऱ्हाईक शोधत येते, तोच कूलर पावसाळा लागताच घरातील जागा अडवू लागतो, आणि बदलीवर निघालेला नोकरदार किंवा खोली सोडणारा विद्यार्थी तो मिळेल त्या भावात देऊन टाकतो. दर्यापूर परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजलात क्षारांचे प्रमाण जास्त असलेल्या प्रदेशात, मोडतो. त्यामुळे बोअरचे पाणी वापरलेल्या कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो, पंपाची जाळी चोंदते आणि पत्र्याची टाकी तळाच्या सांध्यापासून गंजू लागते. वरून रंगाचा हात फिरवला की यातले काहीच छायाचित्रात दिसत नाही. टाकी रिकामी करून सांधे तपासणे, पाते हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकणे आणि पंप पाण्यात सोडून काही वेळ चालवून पाहणे, एवढे केले तरच खरेदीचा योग्य भाव ठरवता येतो.

विकणाऱ्याला वस्तूचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, या परिस्थितीला अर्थशास्त्रात माहितीची असमानता म्हणतात. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सगळ्याच मालाला कमी भाव देते, त्या भावात चांगल्या वस्तूचा मालक विकायला तयार होत नाही, आणि हळूहळू बाजारात वाईट मालच उरतो. या विचारासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. गावातल्या विक्रेत्याने यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे: गंजलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र स्वतःहून टाकणारा आणि पंप बदलल्याची पावती दाखवणारा विक्रेता ही असमानता कमी करतो, म्हणून प्रामाणिकपणा हा त्याच्या धंद्याचा टिकाऊ आधार ठरतो.

आता नफ्याचा प्रश्न पाहावा. उदाहरणादाखल असे धरू की श्रावणात 1,500 रुपयांना घेतलेला कूलर आठ महिन्यांनी, चैत्रात, 3,200 रुपयांना विकला गेला. वरवर पाहता 1,700 रुपये सुटले. परंतु नव्या ताट्या, पंप, रंग आणि मालवाहू ऑटोचे भाडे मिळून 900 रुपये लागले असतील तर 800 उरतात. दुरुस्तीत आणि गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेल्या वेळेची मजुरी 500 रुपये धरली तर 300 राहतात. खरेदीचे पैसे महिना शेकडा दोन रुपये व्याजाने उचललेले असतील, तर 1,500 रुपयांवर आठ महिन्यांचे 240 रुपये व्याज होते आणि अखेरीस हाती 60 रुपये उरतात. पैसे स्वतःचे असले तरी ते तितके महिने अडकून पडले आणि दुसऱ्या कामी आले नाहीत, हेही एक मोलच आहे. म्हणूनच पंधरवड्यात विकली जाणारी, थोडा नफा देणारी सायकल पुष्कळदा वर्षभर पडून राहणाऱ्या आणि मोठ्या नफ्याची आशा दाखवणाऱ्या सोफ्यापेक्षा जास्त फायद्याची ठरते. भांडवल किती वेळा फिरते यावर धंद्याची खरी कमाई अवलंबून असते.

घरातील स्वतःची वस्तू विकताना आणखी एक अडचण येते. वस्तू आपली झाली की तिचे मोल आपल्याला वाढून दिसते, या मानवी प्रवृत्तीचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये केले. नव्याने घेताना मोजलेली रक्कम मनातून जात नाही, पण घेणारा त्या रकमेला नव्हे, वस्तूच्या आजच्या उपयोगाला पैसे देतो.

व्यवहाराची कायदेशीर बाजूही हिशेबाचाच भाग मानली पाहिजे. जुनी दुचाकी विकल्यावर परिवहन कार्यालयात मालकी बदलाची नोंद झाली नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिला आहे. तसेच यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. जो ‘खरेदीदार’ पैसे पाठवतो असे सांगून क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला लावतो, तो फसवणूक करत असतो, आणि अशी फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

विक्रीतून आलेला पैसा कशासाठी वापरायचा, हेही आधी ठरलेले असावे. दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी चिंध्यांचा वेश पत्करून आयुष्यभर कर्जाविरुद्ध कीर्तने केली, आणि पैशाची तंगी असेल तर जेवणाचे ताट मोडून हातावर भाकरी खावी, पण मुलांचे शिक्षण थांबवू नये, असा उपदेश केला. वस्तू विकण्याला त्यांनी असा हेतू जोडून दिला होता. हेतू ठरलेला नसेल तर जुन्या कूलरचे पैसे आठवड्याच्या खर्चात विरून जातात. तो ठरलेला असेल तर तीच रक्कम शाळेची फी किंवा पुढच्या खरेदीचे बिनव्याजी भांडवल होते.

या धंद्यातून मिळणारी शिकवण कूलरपाशी संपत नाही. भाव वाढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवणाऱ्या शेतकरी कुटुंबाला वजनातील घट, पीककर्जाचे व्याज आणि घरच्यांची मजुरी हाच हिशेब मांडावा लागतो, फक्त तेथे रकमा मोठ्या असतात आणि चूक वर्षभर सोसावी लागते. खरेदी, खर्च, मजुरी, व्याज आणि अडकलेले महिने असे पाच रकाने आखलेली साधी वही ज्या तरुणाने कूलर आणि सायकलींसाठी वर्षभर इमानाने भरली, त्याने पुढच्या हंगामात तीच वही शेतीसाठी उघडावी. वऱ्हाडातील घरांना भावाच्या अंदाजांपेक्षा अशा वहीची गरज अधिक आहे.