वर्गणीचा डबा आणि वर्गातील बाक

जूनच्या मध्यास आपल्या शाळा उघडतात. नव्या पुस्तकांना घातलेल्या खाकी कव्हरांच्या घड्या अजून नीट बसलेल्या नसतात, तोच महिन्याच्या २० तारखेस जागतिक निर्वासित दिन येतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २००१ पासून हा दिवस पाळला जातो आणि आपल्या शहरांतील काही शाळांच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेतही त्याने जागा मिळविली आहे. त्या निमित्ताने मुले घरून करून आणलेले खाद्यपदार्थ मधल्या सुट्टीत विकतात, कोणी चित्रे विकतात, कोणी मैदानास धावत फेऱ्या घालून दर फेरीमागे मामा-काकांकडून ठरलेली रक्कम वसूल करतात, आणि जमलेला पैसा युक्रेन, सुदान, गाझा अशा कोठल्या तरी नावाने रवाना होतो. मुख्याध्यापकांसह सर्वांचे छायाचित्र निघते. वरच्या वर्गांतील मुलांस प्रमाणपत्र मिळते आणि परदेशी महाविद्यालयाच्या अर्जास ते जोडता येते, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात नसते असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

तथापि एवढ्यावरून या खटाटोपास नाक मुरडणे अन्यायाचे होईल. ज्या वयात आपल्या बाकाच्या रेघेपलीकडे शेजाऱ्याचे कोपर आले तरी भांडण जुंपते, त्या वयात हजारो मैलांवरील मुलाचे घर पडले म्हणून कोणी बारा वर्षांचा मुलगा खाऊचे पैसे काढून देतो, यात काही चांगले नाही असे कोण म्हणेल? प्रश्न त्याच्या भावनेचा नाही. ती भावना हाती घेऊन आपण मोठी माणसे तिचे काय करतो, हा प्रश्न आहे.

पैशाच्या हिशेबाने पाहिले तर या वर्गणीस फारसा अर्थ उरत नाही. राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ वा हिंसाचार यांमुळे घरदार सोडून परागंदा झालेली होती. २०११ च्या जनगणनेतील साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. त्यांतील दर दहा जणांमागे चार जण अठरा वर्षांखालील. एवढ्या मोठ्या दुःखावर शाळेच्या आवारात विकलेल्या सामोशांची फुंकर कितीशी पुरणार? मुलांनी निधी जमवावा तो निर्वासितांचे पोट भरावे म्हणून नव्हे, तर मुलांस काही कळावे म्हणून. आणि ते कळते की नाही, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

येथे एक वैयक्तिक आठवण सांगण्याची मुभा वाचक देतील अशी आशा आहे. १९९१ साली आम्ही एका शाळेत नववीच्या वर्गास मराठी शिकवीत होतो. वर्षाच्या मध्यास काश्मीरहून आलेला एक मुलगा वर्गात दाखल झाला. आदल्या वर्षी खोऱ्यातून जी कुटुंबे रातोरात बाहेर पडली त्यांतील एक त्याचे. देशाची सीमा न ओलांडल्यामुळे कायद्याच्या भाषेत तो निर्वासित नव्हता, विस्थापित होता. या दोन शब्दांतील अंतर त्याला समजावून सांगण्याचे धैर्य मात्र कोणास झाले नसते. त्याच्या कुटुंबास मदत करावी असे आमच्या मनाने घेतले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणास चीर पाडून तो आम्ही वर्गात फिरविला. पैसे कोणासाठी ते बोलून दाखविले नव्हते, आणि यातच मोठा शहाणपणा केला असे आम्हांस वाटत होते. डबा एकेक बाक करीत मागे सरकू लागला आणि साऱ्या वर्गाच्या माना त्याच्याबरोबर वळू लागल्या, तेव्हा चूक उमगली. पण डबा मध्येच थांबविणे हे त्याहून वाईट दिसले असते. मुलाच्या पुढ्यात डबा आला. त्याने कंपासपेटी उघडली, आठ आण्यांचे नाणे काढले आणि चिरेतून आत टाकले. शनिवारी जे पाकीट त्याच्या वडिलांच्या हाती दिले, त्यात त्याचे ते नाणेही होते.

पुढे कित्येक दिवस तो मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर येत नसे. त्याला पुन्हा मुलांत आणले ते आमच्या कोणत्याही योजनेने नव्हे. त्याच्या बाकावर बसणारा मुलगा मोठा बडबड्या होता आणि त्याला गणित येत नसे. नव्या मुलाला गणित येई, पण मराठीतील ‘ळ’ काही केल्या उच्चारता येत नसे. या दोन गरजांतून जी मैत्री जमली तिच्यासाठी कोणी ठराव केला नव्हता. दिवाळीनंतर तो फळ्यावरचे वाचू लागला. शिक्षक म्हणून आम्ही त्या वर्षी जे शिकलो ते अध्यापनाच्या पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हते.

म्हणूनच बालवीर चळवळीतील ‘खरी कमाई’ ही जुनी प्रथा आम्हांस आजच्या निधीसंकलनापेक्षा निरोगी वाटते. मुलाने शेजाऱ्यांची सायकल पुसावी, बाग शिंपावी, सामान वाहून आणावे आणि त्याबद्दल मिळालेले चार पैसे सत्कार्यास द्यावे, असा तिचा दंडक होता. त्यात हातास घट्टे पडत आणि पैसा किती कष्टाने येतो ते कळे. वडिलांच्या फोनवरून एका बोटाने पाठविलेल्या पाचशे रुपयांत यांतले काही नाही. अर्थात ‘खरी कमाई’चेही पुढे पुष्कळ ठिकाणी कार्ड भरण्याचे कर्मकांड झाले आणि आयाच ती कार्डे भरून देऊ लागल्या, हेही सांगितले पाहिजे.

महाराष्ट्राच्या भूमीत या विषयाचा एक फार मोठा धडा पडून आहे आणि आपल्या शाळा तो शिकवीत नाहीत. सोव्हिएत सत्तेने १९४० व १९४१ साली पूर्व पोलंडमधील लाखो लोकांस सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चाल केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे त्यांतील काही हजार स्त्रिया व मुले हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली पोलिश मुलांना आसरा दिला, ही कथा अलीकडे बरीच ऐकू येते. परंतु त्याहून कितीतरी मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत पंचगंगेच्या परिसरात सुमारे ५ हजार पोलिश माणसे राहिली, आणि त्यांत बहुसंख्य बायका व मुले होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. पोलिश कुटुंबे निघून गेल्यावर त्याच जागी सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे येऊन राहिली आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले. लग्नसराईत घाऊक भावाने कापड घेण्यासाठी गांधीनगरास जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असते की, आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिने दहा वर्षांच्या आत दोन खंडांतील निर्वासितांना जागा दिली?

पोलंड मात्र विसरला नाही. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे. २०१९ साली त्या वसाहतीत बालपण काढलेली वृद्ध मंडळी पुन्हा कोल्हापुरास येऊन गेली. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वॉर्सातील ‘बेदनार्स्का’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेने १९९९ मध्ये जामसाहेबांचे नाव धारण केले. नुसती पाटी बदलून ती थांबली नाही. चेचेन्यासारख्या प्रदेशांतून पळून आलेल्या कुटुंबांतील मुलांना तिने आपल्या वर्गांत बसविले. ज्या राजाने आपल्या आजोबांच्या पिढीतील मुलांस थारा दिला त्याचे नाव घ्यावयाचे, तर वर्गात एक बाक परक्या मुलासाठी ठेविलाच पाहिजे, हा हिशेब त्या शाळेस कोणी शिकविला नव्हता.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा साऱ्या पोलंडच्या अंतःकरणाची परीक्षा झाली. सीमेवरील गावांत लोक गरम सूप घेऊन उभे राहिले, घरांची दारे उघडली, शाळांतून कपडे आणि खेळणी यांचे ढीग लागले. त्या वसंत ऋतूत सुमारे २ लाख युक्रेनी मुले पोलिश शाळांत दाखल झाली. पुढे हा उमाळा ओसरला, तो ओसरतोच. पाहुण्यांच्या सवलतींवरून राजकारण पेटले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या सवलतींची मुदत वाढविणारे विधेयक तेथील अध्यक्षांनी परत पाठविले. पण मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारी भत्ता हवा असल्यास युक्रेनी मुलास तेथील शाळेत घालणे बंधनकारक ठरले होते. खेळण्यांचे ढीग केव्हाच संपले असतील. दोन भाषांतील मुले मात्र त्यानंतरही एका फळ्याकडे पाहत बसू लागली.

हा फरक आपल्या देशासही एके काळी चांगला समजत होता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी लोक भारतात आले, तेव्हा त्यांच्या पोषणाचा भार सरकारने शाळकरी मुलांच्या डब्यावर टाकला नाही. टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावणे त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून सक्तीचे झाले आणि ते १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चालू राहिले. ज्यांच्या घरी जुन्या पत्रांची पेटी आहे त्यांना ते लहानसे तिकीट अजूनही सापडेल. मनीऑर्डरीची वाट पाहणारी कोकणातील आई आणि मुंबईतील पेढीवाला या दोघांवर तो भार सारखाच बसला, ही त्यातील उणीव. पण पैसा ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात स्वच्छ होते. त्यापूर्वी फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तेव्हाही जागा, शिधा, शाळा यांची तजवीज सरकारने करावयाची हे गृहीत होते.

आज तसे काही गृहीत धरता येत नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि निर्वासित कोणास म्हणावे हे सांगणारा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ, अफगाण, म्यानमारमधून आलेले रोहिंग्या या प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी आणि ती वेळोवेळी बदलणारी. त्यामुळे होते असे की, युक्रेनमधील मुलासाठी मुंबईच्या शाळेने फेरी काढली तर कोणाची हरकत नसते. पण दिल्ली, जम्मू वा हैदराबाद येथील वस्तीतला रोहिंग्या मुलगा जवळच्या सरकारी शाळेच्या फाटकाशी आला की पहिला प्रश्न कागदपत्रांचा निघतो. दूरच्या निर्वासिताविषयी कळवळा आणि जवळच्या निर्वासिताविषयी चौकशी, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

सुरक्षिततेची चिंता खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. कोणास देशात ठेवावयाचे आणि कोणास परत पाठवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा आहे. भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०२५ च्या मे महिन्यात एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीच्या खटल्यात बजावले. परंतु त्याच न्यायालयाने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रोहिंग्या मुलांनी सरकारी शाळांकडे प्रवेशासाठी जावे, नाकारल्यास उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे, असेही सांगितले होते. या दोहोंत विरोध नाही. वडिलांविषयीचा निर्णय होण्यास दहा वर्षे लागली, तरी मुलाचे वय त्या निर्णयासाठी थांबत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात बालक म्हणजे सहा ते चौदा वयाचे मूल; तेथे ‘नागरिक’ हा शब्द घातलेला नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये आणि शाळेत कधी न गेलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसवावे, असे तोच कायदा सांगतो. हा कायदा आपल्या मुख्याध्यापकांस परका नाही. ऊसतोड मजुरांची मुले कोणताही दाखला न घेता दारात उभी राहतात, तेव्हा चांगले मुख्याध्यापक त्याच्याच आधारे त्यांची नावे हजेरीपटावर चढवितात.

आता राहिला आपल्या मुलांच्या उत्साहाचा प्रश्न. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी लोक स्वेटर विकावयास बसतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावापाशी १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, ही माहिती आपल्या भूगोलाच्या तासास कधी निघते काय? नागपूर-भंडाऱ्याच्या शाळांनी एक सहल तिकडे नेण्यास आणि तेथील मुलांना आपल्या शाळेत एक दिवस बोलाविण्यास कोणत्याही निधीची गरज नाही. ठाणे-कल्याणच्या मुलांनी उल्हासनगरातील ज्या आजी-आजोबांनी बराकीतले दिवस पाहिले त्यांच्याकडे जाऊन ते लिहून घ्यावेत. ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातील ती माणसे फार वर्षे थांबणार नाहीत. कोल्हापूरच्या शाळांस तर वळिवडे हाकेच्या अंतरावर आहे. आणि जेथे परप्रांतातून वा परदेशातून आलेले मूल वर्गात आहे, तेथे रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याला मराठी शिकविण्याचे काम आठवीच्या मुलास सांगावे. या कामाचे प्रमाणपत्र देऊ नये.

निधी जमवावयाचाच असेल तर तो खुशाल जमवावा. पण ज्याच्यासाठी जमवावयाचा ते मूल वर्गात असेल, तर डबा फिरवू नये. आणि राज्याच्या शिक्षण खात्यास एक विनंती आहे. कागदपत्रांच्या अभावी कोणत्याही मुलास, मग त्याचे आईबाप कोठूनही आलेले असोत, परत पाठवू नये, असे स्पष्ट मराठीत लिहिलेले एक परिपत्रक शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर पोहोचावे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते निघाले, तर त्या मुलाचे वर्ष गेलेले असते.