भाड्याचा कागद आणि रिकामा खिसा

गेल्या महिन्यांत आमच्या ओळखीचे एक सुतारबंधु रडकुंडीस येऊन भेटले. पुण्याजवळ त्यांनीं दरमहा १२,००० रुपये भाड्यानें गाळा घेतला होता. अनामत ६०,००० रुपये. करार तीन वर्षांचा, आणि त्यांत एक कलम असें कीं, १८ महिने गाळा सोडावयाचा नाहीं. सोडल्यास राहिलेल्या महिन्यांचें सारें भाडें भरावयाचें. याला हल्लीं 'लॉक-इन' म्हणतात. घरांत दुखणें आलें, भांडवल औषधांत गेलें, आणि तयार लांकडी सामान कारखान्यांतून थेट गिऱ्हाइकाच्या दारांत येऊं लागल्यानें कामही आटलें. सातव्या महिन्याअखेर त्यांनीं गाळा सोडतों म्हटलें, तों मालकानें हिशेब पुढें केला: अकरा महिन्यांचे १,३२,००० रुपये, अनामत वजा जातां ७२,००० आणखी टाका!

बंधूंनो, अशा हिशेबाला भिऊन रातोरात हत्यारें टेंपोंत घालून पळणारे आम्हीं पाहिले आहेत. अनामत तर जातेच, वर चोरासारखें तोंड लपवावें लागतें. चोरी कोणती केली?

गरिबी आली म्हणून करार आपोआप सुटत नाहीं, हें आधीं खरें सांगितलें पाहिजे. २०२० सालच्या टाळेबंदींत राज्य सरकारनें घरमालकांना भाडेवसुली निदान तीन महिने पुढें ढकला असें सुचविलें. पण तें पुढें ढकलणें होतें, माफी नव्हती. परंतु मालकानें कागदावर घातलेला प्रत्येक आंकडा त्याला मिळालाच पाहिजे, हेंही खोटें. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें करार मोडल्याबद्दल रक्कम लिहून ठेवली असली, तरी कोर्ट वाजवी भरपाईच देववितें; ती लिहिल्या रकमेच्या वर जात नाहीं, खालीं मात्र येऊं शकते. नुकसान मोजतांना तें टाळण्याचा कोणता उपाय हातांत होता, हेंही ७३ व्या कलमाखालीं पाहतात. गाळा दुसऱ्याला दिल्यावर एकाच महिन्याचें भाडें दोघांकडून उकळण्याचा हक्क मालकाला कोणी दिला? गाळा खरोखर रिकामा पडला तर तेवढी तूट आपण सोसावी. सगळेच मालक गबर नसतात. एखाद्या विधवेची चूल त्याच भाड्यावर पेटते.

म्हणून सोडण्याची वेळ आली तर अडचण लपवूं नका. लेखी सूचना द्या, तिची पोंच घ्या. जमल्यास नवा भाडेकरू स्वतः शोधून आणा. किल्ली हातांत देतांना तारीख घालून सही घ्या. तोंडी 'बघूं' वर विसंबूं नका. शिवाय महाराष्ट्रांत करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें मालकावर टाकली आहे. नोंदलेला नसेल, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात.

पण कागद वाचण्याची वेळ सहीच्या आधींची. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता, कारण त्यांत काय लिहिलें हें अंगठा देणाऱ्याला ठाऊकच नसे. पुढें १८७९ च्या कायद्यानें रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. पणजोबांनीं अंगठा शाईनें दिला, पणतू यंत्रावर देतो. दलाल इंग्रजी मसुदा पुढें करतो, 'सगळ्यांचा असाच असतो' म्हणतो, आणि शाळा शिकलेला आमचा मुलगाही मान डोलावतो! लॉक-इन किती महिन्यांचा, हा एक प्रश्न विचारावयास कसली लाज?

सुतारबंधूंनीं आमच्या सांगण्यावरून पत्र दिलें आणि एक वेल्डिंगवाला गिऱ्हाईक आणून उभा केला. तो दोन महिन्यांनीं गाळा घेण्यास तयार आहे. मालक अजून घुटमळतो आहे. त्यानें दोन महिन्यांचें भाडें कापून घ्यावें आणि उरलेले ३६,००० रुपये परत करावे, एवढेंच मागणें आहे.