आधी विचारा, मग खोदा
जलवाहिनीसाठी जेसीबीचा दात मातीत शिरतो आणि केसाएवढ्या काचतंतूंची केबल तुटते. किराणा दुकानातला क्यूआर कोड निरुपयोगी होतो, घरून काम करणाऱ्याचा दिवस बुडतो. तक्रार केली, तर ‘केबल कट आहे’ एवढेच उत्तर! एकेक तंतू जोडण्यात तास जातात. देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा केबल तुटतात, ३००० कोटी रुपये बुडतात, हा सरकारचाच अंदाज. म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आले. खोदण्यापूर्वी त्यावर कळवले, की केबलमालकांना सूचना जाते. तरीही अंदाजाने खोदणे चालूच राहते, हे संतापजनक आहे. ॲपवरील नोंदीशिवाय महापालिकांनी खोदाईची परवानगी देऊ नये. केबल तुटलीच, तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वसूल करावा.