गाडी घरी आली, कागद कुठे गेले?

गेल्या दसऱ्याच्या आधी मुलीने गाडी घ्यायचे ठरवले आणि सोबतीला मला शोरूममध्ये नेले. आम्ही मुलुंडचे, शोरूम लालबहादूर शास्त्री मार्गावर. रंग, मायलेज, सवलत हे सारे तिने आधीच पाहून ठेवले होते. माझ्याकडे कागदपत्रांचे खाते होते. साडेतीन दशके बँकेत काढलेल्या माणसाचा घरच्यांना एवढाच उपयोग उरतो.

विक्रेता पंचविशीचा, चटपटीत, बोलायला गोड. "काका, काही आणायची गरज नाही. आधार, पॅन, लाइट बिल, पगाराची स्लिप आणि बँक स्टेटमेंट. फोटो काढून माझ्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, बाकी मी बघतो."

"तुमच्या म्हणजे शोरूमच्या नंबरवर?"

"नाही काका, माझ्याच."

मुलीने उभ्याउभ्या पाच फोटो पाठवून दिले. मला ते खटकले. पण शुभकार्यात म्हाताऱ्याने कुरकूर करू नये म्हणून गप्प बसलो.

गाडी यायला तीन आठवडे होते. तेवढ्यात मुलीला फोन सुरू झाले. कोणी विमा विकत होते, कोणी स्वस्त कर्ज. एकाला तर तिचा पगार कोणत्या बँकेत जमा होतो हेही ठाऊक होते. माहिती कुठून फुटली, देव जाणे. शोरूम, कर्ज देणारे, विम्याचा माणूस, आरटीओचे काम करणारा माणूस, इतक्या हातांतून ते पाच फोटो फिरले होते. दोष कोणाला द्यायचा हे कळतच नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

कागद मागूच नयेत, असे मला म्हणायचे नाही. आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या गाडीवर वडाळ्याचा एमएच ०३ येतो, अंधेरीच्या गाडीवर ०२, बोरिवलीच्या गाडीवर ४७. त्या आकड्यांमागे खरे नाव आणि खरा पत्ता असायलाच हवा. कोणी माणसाला उडवून पळाला, तर पोलीस त्या नंबरवरूनच त्याच्या दाराशी पोहोचतात. पॅनचेही तसेच. दुचाकी सोडून इतर मोटार घेताना पॅन लिहिण्याची सक्ती आयकर नियमांत १९९८ साली आली, ती बेहिशेबी पैशाला वेसण घालण्यासाठी. १ जून २०१६ पासून दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो आपल्या नावावर जमा व्हायचा तर पॅन द्यावाच लागतो. तेव्हा मागणाऱ्याचा हक्क मान्य. प्रश्न आहे तो घेणाऱ्याच्या जबाबदारीचा.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो तेव्हा लेजरला हात लावण्याआधी माझ्याकडून एका प्रतिज्ञापत्रावर सही घेतली गेली. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातच तशी तरतूद आहे. बँकेची किंवा तिच्याशी व्यवहार करणाऱ्या कोणाचीही माहिती, जिला ती मिळवण्याचा कायदेशीर हक्क नाही अशा व्यक्तीला देणार नाही, असे त्यात कबूल करावे लागते. तेव्हा तो एक उपचार वाटला. त्याचा अर्थ कळायला घाटकोपरची शाखा यावी लागली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. एक निवृत्त गिरणी कामगार नोटीस घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. ज्या कर्जाचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, त्याला ते जामीनदार होते. सही खोटी होती, पण सोबत जोडलेली रेशनकार्डाची झेरॉक्स खरी. "साहेब, ही तर मी गॅससाठी दिली होती," एवढेच ते पुन्हापुन्हा म्हणत होते. झेरॉक्सवर शिक्का होता, 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले', आणि त्याखाली आद्याक्षरे माझी. मार्च महिना, टार्गेटची घाई. मूळ प्रत मी पाहिलीच नव्हती. ते निस्तरायला सात महिने लागले. त्या काळात ते गृहस्थ दर पंधरवड्याला येत, बाकावर बसत, आणि मला नमस्कार करत. तो नमस्कार मला अजून सोसत नाही.

म्हणून शोरूममधल्या त्या मुलाला मी खलनायक मानायला तयार नाही. त्यालाही टार्गेट आहे. पण त्याच्याकडून कोणी प्रतिज्ञापत्र घेतलेले नाही, आणि उद्या तो दुसऱ्या शोरूममध्ये गेला की आपले कागद त्याच्या खिशातून त्याच्याबरोबर जाणार.

बरे, सरकार तरी सांभाळते का? २०१९ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन नोंदणीची आणि लायसन्सची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थांसाठी वर्षाची किंमत तीन कोटी रुपये. त्याच वर्षी जुलैत मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत सांगितले की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ही माहिती दिली असून तिच्यातून ६५ कोटी मिळाले. जून २०२० मध्ये गोपनीयतेच्या कारणावरून ते धोरण मागे घेतले गेले. धोरण मागे आले, दिलेली माहिती कशी परत येणार?

कायदा मात्र हळूहळू जागा होतो आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, काम संपले की पुसून टाकायची, हे त्याचे सूत्र. दंड अडीचशे कोटींपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत दिली गेली. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स वाटू नका असे पत्रक काढले होते; गैरसमज होईल म्हणून ते दोन दिवसांत मागे घेण्यात आले. अशा गोंधळात सामान्य माणसाने काय समजायचे?

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहावे, 'फक्त अमुक गाडीच्या नोंदणीसाठी', खाली तारीख आणि सही. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्यावे. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. रोखीने गाडी घेणाऱ्याने बँक स्टेटमेंट कशाला द्यायचे? प्रत्येक कागदाला 'कशासाठी?' हा एक प्रश्न विचारावा. विचारणारा उद्धट ठरत नाही. आमच्या काळी असे विचारणाऱ्या ग्राहकाला आम्ही मनातून वचकून असायचो.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. मी त्या मुलाला बाजूला घेऊन म्हटले, "मुलीचे फोटो पुसलेस का रे?"

"कधीच, काका," म्हणत त्याने मोबाइल उघडून दाखवला. पुसलेले नव्हते. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकशेजारी मुलीचे आधार, त्याच्या वर-खाली आणखी कितीतरी अनोळखी चेहऱ्यांची आधारकार्डे. तो ओशाळला आणि माझ्यासमोर आमचे पाचही फोटो त्याने पुसले.

बाकीचे तसेच राहिले. ती माणसे आपापल्या नव्या गाडीत बसून केव्हाच घरी गेली होती.