पंगतीतली जागा

दिवाळी सरली की हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवरून अनेक कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. मुलेही सोबत जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा बाकावरची त्यांची जागा दुसऱ्याची झालेली असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्ग दिला, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये असेही बजावले. ठीक! पण खिचडीच्या पंगतीत शेजारी बसवून घेण्याचे कलम कुठून आणणार? घरी गोरबोली बोलणारे पोर पुस्तकी मराठीत अडखळले की वर्ग हसतो. मग ते गप्पच होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. हे गप्प होणे मला ओळखता येते. गुरुजींनी अशा मुलाशेजारी त्याची बोली जाणणारा एखादा बोलका सोबती बसवावा, आणि फडावरचे त्याला त्याच्याच बोलीत सांगू द्यावे. उसाची मोळी कशी बांधतात, हे वर्गात आणखी कितीजणांना ठाऊक आहे?